पुष्पाबाईंचा गिअर

काकासाहेब देशमुखांना मोटार घेण्याची काडीचीही गरज नव्हती. तीर्थपुरीजवळच्या त्यांच्या गावात पावसाळाभर बैलगाडीसुद्धा काळ्या चिखलात रुतायची, आणि बाकीच्या दिवसांत जायला-यायला दारात दोन छकडे आणि एक घोडी होती. पण जालन्याला एक इंग्रज इंजिनियर विलायतेला परत निघाला, त्याने आपली जुनी मोटार विकायला काढली, काकासाहेबांनी ती पाहिली आणि तिथेच त्यांचा जीव अडकला. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, निजामी अमलातली ही गोष्ट. मोटार दोन माणसांची, वरून उघडी, लांब नाकाची. शर्यतीसाठी बनवलेली होती म्हणे. आपल्याकडच्या रस्त्यांवर तिची शर्यत व्हायची ती बैलांशी, आणि तीही ती दर वेळी जिंकायची असं नाही.

चालवायला त्या इंजिनियरनेच शिकवलं. छावणीच्या मैदानावर काकासाहेब बूट घालून ऐटीत बसायचे, डाव्या पायाने क्लच दाबायचे आणि गिअरची दांडी नुसत्या बोटांनी पुढे सरकायची. त्याच ऐटीत ते गावात आले. लगेच खंडेनवमी आली. घरातली तलवार, नांगर, गाड्या यांची पूजा झाली तशी मोटारीचीही झाली. काकासाहेबांच्या बायकोने, पुष्पाबाईंनी, तिच्या लांब नाकाला हळदीकुंकू लावलं, आणि मागे उभ्या असलेल्या तुळजाबाईंनी हुकूम सोडला की आता ही लक्ष्मी झाली, हिच्यात पायताण घालून चढायचं नाही. तुळजाबाई म्हणजे काकासाहेबांची थोरली विधवा बहीण. घर त्यांच्या शब्दावर चाले, आणि घरात आले की काकासाहेबही.

अनवाणी बसायला देशमुखांची हरकत नव्हती, पण मोटारीची होती. कोसभर गेलं की इंजिनाच्या उष्णतेने पायाखालचा पत्रा तव्यासारखा तापायचा. पहिल्याच फेरीत काकासाहेबांच्या तळव्यांना फोड आले. मग पुष्पाबाईंनी जुन्या लुगड्यांचे थरावर थर घालून, त्या जागेत बरोबर बसेल अशी जाड वाकळ शिवली आणि पायाखाली अंथरली. फोड बरे झाले.

दिवाळी येईतो दुसरी भानगड उभी राहिली. गिअर जड झाला. क्लच दाबून दांडी ढकलावी तर आतून अशी करकर निघायची की रस्त्याकडेची जनावरं दावं तोडायला बघायची. त्यात काकासाहेबांचा डावा हात अधू. पूर्वी कधी घोडीवरून पडून कोपर मोडलं होतं, आणि हाडवैद्याने ते बसवलं ते वाकडंच. गावात लोक म्हणू लागले की इथली धूळ त्या विलायती पोटाला सोसली नाही. काकासाहेबांनाही ते पटलं, कारण दुसरं कारण म्हणजे आपला हात, आणि ते त्यांना पटवून घ्यायचं नव्हतं.

अशात अंबडच्या मत्स्योदरी देवीचा नवस फेडायचा होता. नवस जोडीने फेडायचा, म्हणून पुष्पाबाई पहिल्यांदा मोटारीत बसल्या. परतताना एका चढावर मोटार थांबली आणि पहिला गिअर पडेना. काकासाहेब घामाघूम झाले. शेतातली माणसं बांधावर येऊन मजा बघायला लागली. पुष्पाबाईंचं माहेर कुणबाऊ, दळणकांडणापासून मोटेपर्यंत सगळं केलेलं. त्यांनी शालीखालून हात काढला, दोघांच्या मधली ती दांडी धरली आणि एका हिसड्यात पुढे लोटली. मोटार चालू लागली. पुढचा गिअर बदलायची वेळ आली तेव्हा काकासाहेब पाय दाबून नुसतं "हं" म्हणाले.

तेव्हापासून तीच रीत पडली. देशमुखांनी पाय दाबायचा, देशमुखीणबाईंनी शालीखालून दांडी ढकलायची. बघणाऱ्याला वाटावं, काकासाहेब काय सफाईने चालवतात. तुळजाबाईंनी अर्थातच आक्षेप घेतला. देशमुखांच्या बाया अशा उघड्या मोटारीतून हिंडत नाहीत, हे त्यांनी चार-चारदा ऐकवलं. काकासाहेब म्हणाले, नोकरमाणसाचा हात मी मोटारीला लावू देणार नाही आणि माझा हात चालत नाही, तर दुसरा इलाज सांगा. इलाज तुळजाबाईंकडे नव्हता. गरज म्हणून त्यांनी ते चालवून घेतलं, पण फक्त गरज म्हणून, आणि हे त्या पुष्पाबाईंना विसरू द्यायच्या नाहीत.

पुष्पाबाई कशाला विसरतील! लग्न होऊन आल्यापासून त्या वाटेला लागल्या होत्या त्या फक्त माहेरच्या, आणि तेही पडदा लावलेल्या छकड्यातून, बैलांची शेपटं तेवढी बघत. आता त्यांनी जालन्याचा बाजार पाहिला. गोटीची सोड्याची बाटली प्यायल्या आणि ठसका लागून हसल्या. बदनापूरच्या स्टेशनाबाहेर मोटारीत बसून आगगाडी येताना आणि जाताना पाहिली, आणि पुढच्या खेपेला परत पाहिली. याहून मोठी गोष्ट निराळीच होती. घरात थोरली नणंद असताना दिवसाउजेडी नवऱ्याशी चार शब्द बोलायची सोय नव्हती. मोटारीत कोसच्या कोस बोलता यायचं. काकासाहेब बोलके निघाले. इतकी वर्षं एका घरात राहून हे पुष्पाबाईंना ठाऊकच नव्हतं, आणि ते कळल्यावर त्या मनातून फार सुखावल्या.

म्हणून वर्ष उलटल्यावर, दुसऱ्या संक्रांतीनंतर काकासाहेबांनी जेव्हा सांगितलं की आता एकदा तो गेर नीटच करून घेऊ, तेव्हा पुष्पाबाई धास्तावल्या. गिअर हलका झाला की गरज संपली, आणि गरज संपली की त्या चुलीपाशी. हे इतकं सरळ होतं की तुळजाबाईंना ते बोलूनही दाखवावं लागलं नसतं.

जालन्याच्या एका कापसाची सरकी काढायच्या जिनात कचरू नावाचा फिटर होता, त्याच्याकडे मोटार नेली. तेलकट पायांनी तो आत चढतोय हे बघून पुष्पाबाईंनी आधी वाकळ उचलली, तिची घडी करून मांडीवर घेतली आणि जिनाच्या ओट्यावर जाऊन बसल्या. कचरूने मोटार आवारात पुढे नेली, मागे नेली, कापसाच्या गाड्यांमधून वळवून आणली. करकर नाही की काही नाही. तो उतरला आणि म्हणाला, साहेब, गेरला काहीच झालं न्हाई, बिलकुल बराबर आहे. मग त्याची नजर काकासाहेबांच्या कोपराकडे गेली आणि तो उगाच चाक पुसायला लागला.

काकासाहेबांनी ती नजर पाहिली. पुष्पाबाईंनी वाकळ परत अंथरली, मोटार निघाली आणि फाटकातच दांडी अडली. घरी आल्यावर देशमुख एवढंच म्हणाले, "गेर चांगला हाय. माझाच हात गेला."

दुसऱ्या दिवशी पुष्पाबाई वाकळ उन्हात झटकत होत्या. डाव्या अंगाला, क्लच येतो तिथे, तेलाचा एक काळा गोल पडला होता आणि तेवढ्याच जागी लुगड्यांचे थर दबून लाकडासारखे टणक झाले होते. पुष्पाबाईंनी त्यावर अंगठा दाबून पाहिला. मग काकासाहेब शेतावर गेल्याचं पाहून गोठ्याशेजारच्या पडवीत गेल्या आणि चालवणाऱ्याच्या जागेवर बसल्या. वाकळ खाली ठेवून क्लच दाबला, तर तो मऊसर जागी जाऊन टेकला. वाकळ काढून दाबला, तर आणखी चार बोटं खाली गेला, आणि दांडी कपाटाची कडी सरकावी तशी सरकली. सव्वा वर्ष देशमुख क्लच पुरा दाबतच नव्हते. मध्ये पुष्पाबाईंची स्वतःचीच शिवण होती.

पुष्पाबाईंनी वाकळ परत जागेवर अंथरली, चारी कोपरे नीट केले आणि घरात आल्या. कोणाला काही बोलल्या नाहीत. कोणी त्याला लबाडी म्हणावं. म्हणणाऱ्याने मात्र आधी त्या छकड्यातून, त्या पडद्याआडून, एकदा माहेरी जाऊन यावं.

पण त्यांचा हिशेब चुकला. मोटार जड राहिली तर आपण त्यात बसू, असं त्यांना वाटलं होतं. काकासाहेब मोटारीकडे फिरकेनातच. ओसरीवर बसून डावा हात उघडायचा, मिटायचा, उजव्या हाताने दाबून बघायचा, एवढाच त्यांचा उद्योग. जेवण तुटलं. पन्नाशीच्या आतला माणूस म्हाताऱ्यासारखा उठायला-बसायला लागला. आणि शिमग्याच्या तोंडावर त्यांनी सांगितलं की जालन्याचे भुजंगराव कंत्राटदार मोटार घ्यायला येणार आहेत. तुळजाबाई म्हणाल्या, बरं झालं. पुष्पाबाईंना त्या दिवशी भाकरी थापता येईना. बोललं तर देशमुख एकटे जाणार, गप्प बसलं तर मोटारच जाणार. आणि देशमुखांचं हे झुरणं तर त्यांना आपल्याच हाताने केल्यासारखं वाटू लागलं होतं.

भुजंगराव आले. मोटारीभोवती फिरले, टायर बोटाने दाबून पाहिले. काकासाहेब त्यांना चालवून दाखवायला अनवाणी आत बसले, क्लच दाबला आणि दांडीशी झुंजायला लागले. करकर सुरू झाली. भुजंगराव सभ्य माणूस, ते आभाळाकडे बघू लागले.

तेवढ्यात पुष्पाबाई दारातून बाहेर आल्या. परक्या पुरुषासमोर देशमुखांच्या घरातली बाई अशी अंगणात येत नसे. आतून तुळजाबाईंची हाक आली, ती त्यांनी ऐकली नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्या मोटारीपाशी गेल्या, वाकल्या, काकासाहेबांच्या पायाखालची वाकळ ओढून काढली आणि म्हणाल्या, "आता पाय पुरा दाबा, अन् टाकून बघा."

काकासाहेबांनी दाबलं. दांडी त्या वाकड्या हाताने, बोटांनी, सरळ पुढे गेली. त्यांनी ती मागे घेतली, पुन्हा टाकली, पुन्हा मागे घेतली. मग भुजंगरावांना तिथेच उभं ठेवून, एकटेच, मोटार घेऊन ते फाटकाबाहेर पडले. गावाला वळसा घालून, मारुतीच्या पारावरून, नदीच्या वाटेने ते गेले, आणि सगळीकडून त्यांचा भोंगा ऐकू येत होता. पुष्पाबाई वाकळ घेऊन आत आल्या आणि तुरीची डाळ सुपात घेऊन निवडायला बसल्या. डोळ्यांपुढे डाळ दिसत नव्हती, तरी निवडत राहिल्या.

भुजंगरावांची चहा देऊन बोळवण झाली. मग काकासाहेब स्वयंपाकघराच्या दाराशी आले. दिवसाउजेडी ते तिथे कधी येत नसत.

"तुला कधी कळलं हे?"

"जालन्याहून आल्तो, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मंग बोलली का न्हाईस? मी इकडं हात गेला म्हणून झुरून राह्यलो."

पुष्पाबाईंनी सूप खाली ठेवलं. "बोलले असते तर तुम्ही एकटेच गेले असते. मला या घरातून बाहेर निघायला तेवढा जड गेरच होता."

काकासाहेब उंबऱ्यावरच बसले. पत्र्याने लाल झालेले तळपाय चोळू लागले.

"मला तर लाज वाटायची," ते म्हणाले. "देशमुखाची बायको, अन् मी तिला बैलासारखं मोटारीला जुंपून राह्यलो. तुला सोडवावं म्हणून तर गेर नीट करायला निघाल्तो."

"मला कुठं सुटायचं होतं?"

सव्वा वर्ष शेजारी बसून दोघं पाऊसपाण्यापासून विलायतेपर्यंतचं सगळं बोलले होते. एवढंच तेवढं राहून गेलं होतं. काकासाहेबांना आधी हसू आलं आणि मग आलं नाही. ते उठले, बाहेर गेले.

सकाळी त्यांना जालन्याला जायचं होतं. पुष्पाबाई न्हाऊन, धुवट लुगडं नेसून चुलीपाशीच बसल्या होत्या. वाकळीचा क्लचखालचा तेवढा तुकडा रात्रीच कापून काढून ती त्यांनी पहाटे मोटारीत अंथरली होती. जायचं की नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि विचारायचं त्यांना धाडस नव्हतं. अंगणातून भोंगा वाजला. त्या उठून ओसरीवर आल्या तर तुळजाबाई आधीच तिथे उभ्या. मोटारीत बसलेल्या भावाला त्या शांतपणे विचारत होत्या की आता गेर हलका झाला, सारा गाव बघून राह्यला काल, मग हिला न्यायची गरज काय?

गरज होती, असं म्हणणं सोपं होतं. हात अजून दुखतो म्हटलं असतं तरी निभावलं असतं, आणि पुष्पाबाईंनी मनातल्या मनात देवीला तेवढंच मागितलं.

"गरज काही न्हाई, आक्का," काकासाहेब म्हणाले. "तिला यायचंय, म्हणून ती येती."

बाईला यायचंय, हे कारण त्या ओसरीवर आजवर कोणी दिलं नव्हतं. तुळजाबाई आत निघून गेल्या.

पुष्पाबाई पायऱ्या उतरल्या आणि जाऊन आपल्या जागी बसल्या. काकासाहेबांनी मोटार सुरू केली, क्लच पुरा दाबला, आणि दांडी तिच्यासाठी सोडून, डावा हात मांडीवर ठेवून वाट बघत राहिले.