धर्मसिंगने दिलेली वाट

रस्ता अरुंद होता तोवर धर्मसिंगची सवय कुणाला नडली नव्हती. डोंगरकडा गावाहून हळदीची पोती घेऊन वसमतला निघालेला त्याचा ट्रक फाट्यावर थांबायचा. तो काचेआडून हात करायचा आणि कडेला उभे असलेले सोनाजीकाका सावकाश रस्ता ओलांडून पलीकडच्या शेतात जायचे. मागच्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले तरी धर्मसिंग ढिम्म हलायचा नाही. वडीलधाऱ्या माणसाला वाट द्यायची तर कसली आलीय घाई?

मग रस्ता रुंद झाला. एकाच दिशेला दोन-दोन गाड्या शेजारी शेजारी धावू लागल्या. साऱ्या गावाने कौतुक केलं, धर्मसिंगने जरा जास्तच. त्याची सवय मात्र जुन्या रस्त्याचीच राहिली. त्या दिवशीही त्याने डाव्या कडेला ट्रक थांबवून हात केला आणि काका हसून निघाले. तेवढ्यात ट्रकच्या उजवीकडून एक कार भरधाव आली. कारवाल्याला काका दिसले नाहीत, काकांना कार दिसली नाही. दोघांच्या मधे पोत्यांनी भरलेला ट्रक उभा होता. काका जागीच गेले.

गुन्हा कारवाल्यावर नोंदला गेला. गाव म्हणालं, तुझी काय चूक? हे ऐकून धर्मसिंगला बरं वाटायचं, पण ते जेमतेम घरी पोचेपर्यंत. तेराव्याला गेला तो अंगणाबाहेरूनच परतला.

पुढे फाट्यावर पांढरे पट्टे आले, गतिरोधक आले. गाडी थांबवायची रेषा पट्ट्यांच्या बरीच अलीकडे आखली, म्हणजे शेजारून येणाऱ्यालाही चालणारा माणूस दिसावा. एवढंसं तर काम होतं. आधी कुणी मागितलं असतं तर, असं त्याच्या मनात यायचं आणि आपणही मागितलं नव्हतं, हे आठवून तो खजील व्हायचा. आता तो रेषेवर मुकाट थांबायचा. हात मात्र स्टेअरिंगवरून उचलायचा नाही.

एका सकाळी पट्ट्यांपाशी सोनाजीकाकांची बायको, द्वारकाबाई, उभी होती. तिने त्याला खाली यायची खूण केली. त्याने ट्रक कडेला लावला आणि दोघं मिळून रस्ता ओलांडून गेले. पलीकडे पोचल्यावर त्याला राहवलं नाही.

"माय, मी हात केला नसता तर काका थांबले असते. तुमी शिव्या द्या मला, पण काहीतरी बोला."

"शिव्या काहून देऊ?" द्वारकाबाई म्हणाली. "त्यांना मोतीबिंदू झाला होता, लेकरा. नीट दिसत न्हवतं. मी म्हणायची, एकटे जाऊ नका. तर म्हणायचे, तिथं धर्मसिंग असतो. तो हो म्हणला की मला बघायचं काम न्हाई."

बोलता बोलता तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याच्या मनावरचं ओझं उतरावं, म्हणूनच तिने हे सांगितलं होतं.