शेवटच्या दारामागे

लहानपणी गड्ड्याच्या जत्रेत वडिलांनी टीव्ही गेम घेऊन दिला होता. त्याच्या पिवळ्या कॅसेटमध्ये एक किल्ला होता. महेश्वरी आणि तिचा धाकटा भाऊ सिद्धराम सुट्टीभर त्या किल्ल्यात उड्या मारत. खेळ मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे नेण्याची सोय मात्र त्यात नव्हती. शेवटचं दार दिसू लागलं की हमखास लाइट जायची, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दारामागे काय आहे, हे दोघांनी कधी पाहिलंच नाही.

आता तोच गेम नव्याने करून बाजारात आला होता. कंपनीने मुहूर्त बरोबर साधला. तेव्हाची पोरं आता कमावती झाली होती. सिद्धरामचा मुहूर्त तेवढा हुकला. साखरेच्या आजाराने गेल्या दिवाळीत त्याची नजर पुरती गेली.

तरी बातमी ऐकताच तो म्हणाला, "अक्का, घे की! तू बटणं दाब, मी सांगतो. मला सगळं गाण्यावर पाठ हाय."

ते खरंच होतं. खेळताना मागे वाजणाऱ्या गाण्याची चाल कुठे वळली की खड्डा येतो, हे त्याच्या कानात पक्कं बसलं होतं.

दुपारी लॅपटॉप मांडून दोघं बसली. सिद्धराम मान तिरकी करून ऐकू लागला.

"थांब... थांब... मार उडी!"

महेश्वरी थेट खड्ड्यात.

"बोटांना झोप लागली का गं तुझ्या? पुन्हा घे. आता!"

पुन्हा खड्डा.

तो जरा वेळ नुसता ऐकत राहिला. "अक्का, हे गाणं आपलं न्हाय. जुनं लाव की."

तिने सगळी सेटिंग धुंडाळली. नवं गाणं भरदार होतं, गोडही होतं. जुनं कुठेच नव्हतं.

"नाही रे सापडत."

"मग मी हितं कशाला बसलोय, पूजेला?" तो हसला, पण हसू लगेच विरलं.

मग तिने सोपी पातळी लावली आणि एकटीच खेळत राहिली. अखेर दार उघडलं.

"उघडलं, सिद्धू!"

तो पुढे सरकला. "काय हाय आत?"

"लई भारी आहे रे."

"भारी म्हंजे? नीट सांग की."

"समुद्र आहे. सोनेरी... म्हणजे ऊन पडलंय त्याच्यावर. पाखरं आहेत."

"आपल्या कॅसेटमधी पण हेच असंल का गं?"

पडद्यावर गेम बनवणाऱ्यांची नावं सरकू लागली. तो उत्तराची वाट पाहत होता, आणि हो म्हणावं की नाही, हे महेश्वरीला ठरवता येईना.