शुद्ध पाण्याची बाटली

चंदिगडच्या एका सांडपाणी केंद्रात कृष्णकांत बर्वे यांनी कोळशाची टाकी बसवली होती. माणसांच्या पोटातून गटारात उतरणारी औषधं नेहमीच्या प्रक्रियेला दाद देत नाहीत. ती हा कोळसा धरून ठेवतो, असा त्यांचा दावा. पाण्याची तपासणी करणाऱ्या वसुधाचा त्यावर काडीचाही विश्वास नव्हता.

कारणही तसंच होतं. टाकीतून निघालेलं पाणी कृष्णकांत यांनी बाटलीत भरलं, की औषध शून्य. तेच वसुधाने भरलं, की वेदनाशामक औषध हमखास सापडायचं. म्हणजे हे गृहस्थ बाटलीत नळाचं पाणी भरत असणार, दुसरं काय? वर रोजची गोड चौकशी, "वसुधाताई, सासऱ्यांचे गुडघे काय म्हणतात?" बदलीच्या गावी मराठी माणूस भेटला म्हणून लगेच विश्वास टाकायचा की काय!

हे पाणी पुढे मुल्लानपूरच्या भाजीच्या शेतांना जाणार होतं. गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने साहेबांना फोन लावला. "सरजी, पक्का फ्रॉड है." साहेबांनी टाकी बंद करून कृष्णकांतना घरी बसवायचं ठरवलं.

आता पुरावा बिनतोड हवा. दुसऱ्या दिवशी रोजच्याप्रमाणे सासऱ्यांच्या गुडघ्यांना मलम चोळून, हात ओढणीला पुसत ती झिरकपूरच्या घरून निघाली. केंद्रात हातमोजे चढवून तिने एक बाटली टाकीच्या पाण्याने भरली, दुसरी तुलनेसाठी प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्याने. जवळ कुणाला फिरकू दिलं नाही.

दुपारी निकाल आला. औषध दोन्ही बाटल्यांत होतं.

यांनी शुद्ध पाण्यातही काहीतरी मिसळलं! तणतणत तिने सकाळचे हातमोजे उचलले. चढवताना बोटांनी धरून ओढले होते तिथे मलमाचा ओळखीचा उग्र वास येत होता. तिने पर्समधली ट्यूब काढून वाचली. तेच औषध. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती धावतच फाटकाशी गेली. कृष्णकांत चौकीदाराच्या हातात टाकीची किल्ली ठेवत होते.

"अहो, एवढ्या धावत? सासऱ्यांचे गुडघे बरे आहेत ना?"

वसुधाला हुंदका आवरेना. त्यांच्यासमोरच तिने साहेबांना फोन लावला.

"सरजी, टाकी साफ है. दवाई मेरे हाथों पर थी."