आढ्यावर गेलेले पैसे

चूल पेटवताना मंगलीच्या डोक्यावर पिवळा भुसा पडला. तिनं वर पाहिलं. छपराचा भार पेलणारं आढं मधोमध वाकलं होतं.

तिनं बोलावलेला सुतार, सुकलू वाढई, आला. शिडीवर चढून त्यानं आढ्यात पटाशी रोवली, ती मुठीपर्यंत आत गेली.

"उधईनं पोखरलं, बाई. आज पडते का उद्या, सांगता येत नाई."

दिवाळी होऊन गेली तरी आभाळ भरून होतं. मंगलीला आठवा महिना. तिचा नवरा, झाडू, बांबूतोडीला दूर भामरागडच्या जंगलात गेलेला. शेजारी दोन दिवस आसरा देतील, पण बाळंतीण कोण ठेवून घेईल?

घरात पैसे होते. पहिल्या खेपेला बैलबंडीला अन् डाक्टरला द्यायला काही नव्हतं आणि मूल पोटातच गेलं. तेव्हापासून दोघांनी पोटाला चिमटा घेऊन ते साठवले होते. जाताना झाडू बजावून गेला होता, "काई झालं तरी याले हात लावू नको."

पाय गेलेली सासू, रुखमाबाई, खाटेवरून म्हणाली, "पोरी, डाक्टर लागन का नाई कोनाले ठाव? हे आढं तं डोळ्यांदेखत पडाले आलं."

मंगलीनं धानाच्या ढोलीतून गाठोडं काढलं. सुकलूला देताना तिची बोटं सुटेनात.

सागाचं नवं आढं चढलं, छपरावरचे कवेलू पुन्हा बसले. पण त्यानंतर पोटात जरा हललं की ती हातातलं काम टाकून दिवस मोजत बसे. आता नड आली तर हात कुणापुढे पसरायचा?

कळा दिवस भरण्याआधीच आल्या. दाईनं आढ्याला दोर बांधून जोर लावायला तिच्या हाती दिला. दुपार कलली तरी सुटका होईना. दाईचा चेहरा उतरलेला पाहून मंगलीला पहिली खेप आठवली. अखेर पोरगी झाली, पण रडेना. दाईनं पाठ चोळली, तळवे चोळले, तेव्हा कुठे तिनं टाहो फोडला.

झाडू जंगलातून आला तो लेकीला मांडीवर घेऊन वर बघतच राहिला.

"सारेच गेले?"

"सारेच."

"अन् इले काई झालं तं?"

"मीबी तेच घोकत बसतो," मंगली म्हणाली.

तो रागावला नाही. पुन्हा जंगलात निघाला तेव्हा मात्र मुकादमाकडून थोडी मजुरी आगाऊ घेतली आणि तिच्या ओटीत टाकली.