पहिल्या दिवशी बसायचं नसतं

"समोरून येऊ नका, बाई. अगदी कपाळासमोर उभं राहिलेलं माणूस घोडीला दिसत नाही. खांद्याकडून या. आणि आधी बोला, मग हात लावा."

"काय बोलू?"

"काहीही. नाव सांगा, गाव सांगा, आज घरी भाजी कुठली केलीय ते सांगा. तिला अर्थाशी देणंघेणं नाही, आवाजाशी आहे."

"भाजी व्हायचीय अजून," बाई घोडीला म्हणाल्या. "आमच्या ह्यांची आवडनिवड काही नाही गं. पुढ्यात टाकलं की मुकाट खातात. तुझ्यासारखंच."

रांगेतली माणसं हसली. सरही हसले आणि हसता हसता थांबले. शिकायला आलेल्या माणसाचे ते आधी बूट बघायचे, मग हेल्मेटचा पट्टा. चेहऱ्यापर्यंत पोचायला त्यांना वेळ लागायचा. हे बूट त्यांनी मघाशीच पाहून 'टाच बरोबर आहे' म्हणून पुढे सोडले होते. लग्न होऊन गेलेली लेक घरी ठेवून गेली होती तेच ते बूट. आता त्यांनी मान वर केली. हेल्मेटखाली, पट्टा हनुवटीशी घट्ट आवळून, त्यांची बायको उभी होती.

"अगं, तू?"

"शिकायला आलेय, सर," ती म्हणाली. "रीतसर नाव नोंदवून. चालेल ना?"

"वहिनी नुसत्या बघायला आल्यात असं वाटलं मला," कोपऱ्यात बादली घेऊन उभा असलेला मोतद्दार पुटपुटला. घोड्यांचं खाणंपिणं, खरारा, शेण, सगळं त्याच्याकडे होतं, आणि मधूनमधून बोलायचंही. "वहिनी, सरांकडून मार्क मिळायचे नाहीत हां. कडक आहेत फार."

"ते मला सांगतोस?" वहिनी म्हणाल्या. पुन्हा हशा झाला.

घोडीचं पाटीवरचं नाव 'वादळ' असं होतं. पण ती कुणाच्या अंगावर धावून गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. नवी मुलं, घाबरट माणसं, तोल जाऊन मानेला मिठी मारणारे, अशा सगळ्यांना तिनं पाठीवरून सुखरूप फिरवून आणलं होतं, म्हणून सगळे तिला 'मावशी' म्हणत. सकाळी घरून निघताना सर "मावशीला थंडी बाधली वाटतं," असं काही बोलले की बायको म्हणायची, "आमच्या सवतीला काढा न्या मग."

आज घोडेस्वारीच्या या शाळेचा शेवटचा दिवस होता. जागा विकली गेली होती. घोडे उद्या सकाळी गावाबाहेरच्या नव्या शाळेत जायचे होते. तिथे नवं रिंगण होतं आणि नवे, तरुण शिक्षक होते. सरांचं वय झालं होतं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. जाता जाता मालकांनी एक ओळखवर्ग ठेवला होता. ज्यांना गोडी लागेल त्यांनी पुढे नव्या शाळेत जावं. म्हणून ही आठ-दहा माणसं रिंगणाच्या कठड्याला धरून उभी होती.

"सर, पळवायचं कधी?" काळा चष्मा लावलेल्या बँकेतल्या साहेबांनी विचारलं.

"आधी उभं राहायचं, साहेब. तिच्या शेजारी. ते जमलं की चालायचं. पाठीवर बसणं ही फार पुढची गोष्ट. आज कुणीही बसायचं नाही."

"म्हणजे आज नुसतं बघायचं?"

"बघायचं, बोलायचं, खरारा करायचा, हातात दोर धरून चालायचं. पहिल्या दिवशी बसायचं नसतं. माझ्या गुरुजींनी मला बसू दिलं नाही, मी कुणाला बसू देत नाही."

सरांना हा धडा सांगायला मनापासून आवडायचा. घोड्यावर बोलता बोलता ते देवावर कधी जाऊन पोचत, त्यांचं त्यांनाही कळत नसे. मावशीच्या मानेवर तळवा ठेवून ते म्हणाले, "आता बघा. एवढं बळ या जनावराच्या अंगात. एक लाथ बसली तर माणूस शिल्लक राहायचा नाही. आणि वाऱ्यानं कागद उडाला तरी हे दचकतं. देवानं असं का केलं असेल? बळ दिलं ते दिलं, वर भीती कशाला दिली? मला वाटतं, माणसाला नम्र करायला दिली. नुसतं बळ असतं तर आपण जवळच गेलो नसतो. भीती आहे, म्हणून आपल्याला हळू यावं लागतं, हळू बोलावं लागतं. जो हळू येतो त्यालाच हे पाठ देतं. तेव्हा आज घोडा शिकायचा नाहीये मंडळी, आज आपण हळू व्हायला शिकायचं."

बायको ऐकत होती. इतक्या वर्षांच्या संसारात सर तिच्याशी सलग एवढी वाक्यं क्वचितच बोलले असतील. घरी आल्यावर ते दमलेले असत. सगळं बोलणं रिंगणात सांडून येत.

मग खरारा झाला. कॉलेजातल्या मुलीनं ब्रश असा ओढला की मावशीनं कातडी थरथरवली. "भांडं नाही घासायचं, बाळ," सर म्हणाले. बँकेतले साहेब ब्रश लावून लगेच हात मागे घेत होते, इस्त्री तापलीय का बघावं तसे. बायकोची पाळी आली. तिनं हाताची मागची बाजू नाकाशी धरली, मावशीनं हुंगली. मग मानेपासून पाठीकडे, केसांच्या कलानं, लांब लांब हात फिरवायला लागली. डावा हात घोडीच्या अंगावर टेकलेला, म्हणजे आपण कुठे आहोत ते तिला कळत राहावं. हे सरांनी अजून सांगितलंही नव्हतं. लेकीचे केस विंचरताना ती असंच करायची. मावशीचा खालचा ओठ सैल पडला, डोळे अर्धे मिटले.

सर बघत राहिले. त्यांना वाटत होतं, हिला घोड्यांची किळस आहे. कामावरचे कपडे ती घरात आणू द्यायची नाही. मागच्या दारी खिळ्याला अडकवायला लावायची.

"तुला वास चालत नाही ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"आयुष्यभर त्या वासाशेजारी झोपले," ती तितक्याच हळू म्हणाली, "आता न चालून सांगते कुणाला?"

शेवटी दोर धरून चालणं. दोर हाताला गुंडाळायचा नाही, घोड्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, जायचं तिकडे बघायचं. साहेब दर पावलाला मागे वळून बघत आणि मावशी दर पावलाला थांबे. बायको मात्र सरळ चालू लागली. डावा गुडघा तिचा मधूनच अडखळायचा, तेव्हा मावशीही पाऊल आखूड टाकायची. रिंगणाला फेरी मारून ती थांबली, मावशी थांबली. बायको हसली. ते हसू सरांनी कुठे तरी पाहिलं होतं, पण कुठे ते ध्यानात येईना. तेवढ्यात त्या मुलीनं दुसऱ्या घोड्याचा दोर मनगटाला गुंडाळला, आणि सर तिकडे धावले. ते दोर सोडवत असतानाच मागून आवाज आला.

"आता बसू का, सर? एकदाच."

सरांनी वळूनही पाहिलं नाही. बोटं गाठीत होती. ज्या वाक्याला आयुष्यभर जीभ सरावलेली होती ते आपसूक बाहेर पडलं. "पहिल्या दिवशी बसायचं नसतं. पुढच्या वेळी."



"बरं, सर," ती म्हणाली.

वर्ग संपला. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "मजा आली बुवा. पुढची वेळ कधी?"

"रविवारी. नव्या शाळेत. तिथे दुसरे सर असतील," असं सर म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांच्या ध्यानात आलं. पुढची वेळ सगळ्यांना होती. साहेबांना होती, कॉलेजातल्या मुलीला होती. जी दुसऱ्या कुठल्याही सरांकडे शिकायला जाणार नव्हती, तिला मात्र नव्हती, आणि तिला ते येतानाच माहीत होतं. त्यांनी मागे पाहिलं. हेल्मेट कठड्याच्या खुंटीला नीट अडकवलेलं होतं. ती गेली होती.

सर दुपारी घरी आले तेव्हा ती पलंगावर पाय लांब करून बसली होती. गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी होती.

"दुखतोय?"

"रोजचंच आहे. आज जरा जास्त मिरवला."

ते खुर्ची ओढून बसले. खांद्याकडून जावं, आधी बोलावं, असं लोकांना सांगणारा हा माणूस घरात मात्र समोरच येऊन बसला होता.

"आधी सांगायचंस तरी," ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर म्हणाला असतात, तुझं काय काम तिथे. बायकोला नाही म्हणता येतं. शिकायला आलेल्याला कसं म्हणाल?" ती हसली. "तरी म्हणालातच."

"माझं लक्ष नव्हतं गं."

"माहितीय. चिडले नाहीये मी." पिशवी तिनं उलटी केली. "लग्न होऊन आले तेव्हा विचारलं होतं मी. मलाही एकदा बसवा म्हणून. पुढच्या रविवारी, म्हणालात. मी साडीऐवजी काय घालायचं ते सुद्धा ठरवून ठेवलं होतं."

"कधी म्हणालो?"

"आठवत नाही ना? असू दे. रविवारी तुमच्याकडे गर्दी असायची. मग लेक झाली. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मग गुडघे." ती भिंतीकडे बघत राहिली. "पण तुमची वाट बघत बसले असं काही समजू नका हां. कामंच इतकी होती. मधूनच एखाद्या रविवारी आठवायचं, एवढंच."

सरांनी खूप आठवून पाहिलं. तो दिवस, ते बोलणं, तिचा चेहरा, काहीच हाती लागेना. तिनं इतकी वर्षं जपलेला तो रविवार त्यांच्या लक्षातून केव्हाच गळून पडला होता. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"ऊठ," ते एकदम म्हणाले. "चल."

"कुठे?"

"बसवतो तुला. घोडे सकाळी जाणार आहेत. अजून आहे वेळ."

"आणि नियम?"

"गेला खड्ड्यात नियम."

"असं म्हणू नये," ती म्हणाली. "त्याच्यावर घर चाललं आपलं." पण पाय तिनं खाली सोडले होते.

ते पोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. तबेल्यात मोकळ्या खुंट्या होत्या. खोगिरं, लगाम, चढायचा लाकडी चौथरा, सगळं ट्रकमध्ये चढवून पुढे पाठवून झालं होतं. उरले होते ते फक्त घोडे, तेही गळ्यातल्या दोरासह.

"काहीच नाही ठेवलंस रे मागे?" सरांनी मोतद्दाराला विचारलं.

"तुम्हीच म्हणालात, सर, काही मागे राहू देऊ नकोस."

मग मावशीला बाहेर, रिंगणात, सरांनी स्वतः आणलं. तिच्या पाठीवर घोंगडी टाकली. मोतद्दारानं दोर धरला. सर मावशीच्या डाव्या बाजूला वाकले, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफली आणि ओंजळ गुडघ्याशी धरली. "पाय ठेव. डावा. मी वर उचलतो, तू नुसती अंग टाक. घाबरू नकोस."

"मी नाही घाबरत. तुमचीच पाठ सांभाळा."

बुटाच्या तळाला वाळू चिकटलेली होती. तिनं ओंजळीत पाय ठेवला, मावशीच्या आयाळीत हात घातला आणि सरांनी जोर लावला. गुडघा सरळ होईना. ती जरा वर आली, तोंड आवळून थांबली, आणि खाली आली. पुन्हा केलं. या वेळी गुडघ्यानं थोडी साथ दिली, पण सरांच्या कमरेतून कळ गेली आणि हात खाली आले. मावशी खांबासारखी उभी होती. नुसता कान तेवढा मागे केला होता.

"मी लावतो हात, वहिनी," मोतद्दार म्हणाला.

"नको रे बाबा. तुम्हा दोघांची मिळून किती हाडं वाजतील, ही बिचारी बिचकून पळेल." ती हसली, आणि मग दम खात उभी राहिली. पाय तिनं अजून ओंजळीतच ठेवला होता.

"पुन्हा एकदा," सर म्हणाले.

"नाही व्हायचं, अहो."

"होईल. थोडं आधी जर आपण…"

'आता असू दे,' 'त्यात काय,' असं काही तरी ती म्हणेल, अशी त्यांनी वाट पाहिली. आजवर ती तसंच म्हणत आली होती.

"हो," ती म्हणाली. "थोडं आधी."

आणि तिनं पाय काढून घेतला. मावशीच्या खांद्याशी गेली, तिच्या मानेवर गाल टेकला आणि डोळे मिटून, ओठ हलतील इतपतच, तिच्याशी काही बोलत राहिली. काय ते सरांना ऐकू आलं नाही. ते तसेच वाकलेले होते. ओंजळ अजून गुंफलेली होती, आणि तळव्यांवर तिच्या बुटाच्या टाचेची अर्धगोल वाळू उमटली होती.

बऱ्याच वेळानं ते सरळ झाले. मोतद्दारानं बादली पुढे केली.

"हात धुता, सर?"

"नको," सर म्हणाले. "राहू दे."