पायरीखालचा उस्ताद

पोलीस ॲक्शन झालं त्या साली आमच्या वाडीत माणसांपेक्षा संशय जास्त राहत होता. निजामाचं राज्य गेलं, भारताची फौज औरंगाबादेत आली, अन् पांगलेले रझाकार म्हणे नाना वेशांत लपून बसलेले. माझ्या हाटेलात कुणी दाढी वाढवून आला तर संशय, अन् उतरवून आला तर दुप्पट. मी तर सावधगिरी म्हणून घरच्या बोकडाचीही दाढी कापून टाकली होती.

त्यात कडूबाच्या मळ्यातल्या खोलीत एक म्हातारा गोरा भाड्यानं राहत होता. नाव विल्फ्रेड हॉबडे. छावणीतल्या इंग्रज अफसरांना तो पगारावर गोल्फ शिकवायचा, म्हणून सगळे त्याला उस्ताद म्हणत. अफसर आदल्या साली जहाजात बसून मायदेशी गेले. हा राहिला. का राहिला? इथूनच आमच्या डोक्याला भुंगा लागला.

छावणीच्या ओस मैदानावर तो एकटाच काठी घेऊन हिंडे. जमिनीला भोक पाडी, त्यात झेंडी रोवी अन् लांबून चेंडू हाणी. कडूबाचं म्हणणं, भोकांत बंदुका पुरल्यात.

"अरे, भोक वाटीएवढं हाय," मी म्हणालो.

"मग पिस्तुलं असतील."

चेंडूचं तर विचारूच नका. एकदा त्यानं असा टोला दिला की चेंडू थेट पाचोडच्या बाजारात उतरला. तिथं कांदे विकणाऱ्या साळूबाईनं तो कांद्याच्या भावात विकला, अन् घेणारीनं म्हणे तीनदा उकळला तरी शिजेना. एवढ्या लांब चेंडू जातो, तर रझाकारांना चिठ्ठी का जाणार नाही?

पण खरा संशय निराळाच होता. आमचा कोतवाल फकिरा टपाल घेऊन छावणीत जायचा. त्यानं वर्षानुवर्षं पाहिलेलं, की अफसरांच्या क्लबात उस्ताद पुढच्या दारानं कधी शिरला नाही. मेजवानी असली की त्याचं ताट मागच्या पडवीत.

"गोरा, अन् गोऱ्यांच्या पंगतीत नाय?" पुंजाराम पाटील म्हणाला. "वाळीत टाकलंय त्याला. आता गोऱ्यांनी ज्याला वाळीत टाकलं, त्यानं काय केलं असंल, इचार करा."

आम्ही विचार केला. प्रत्येकाच्या विचारात निदान दोन खून निघाले.

मग कुणीतरी ठाण्यावर खबर दिली. कुणी, ते मी सांगणार नाही. कडूबाला राग येईल. फौजेचा जमादार चौकशीला येणार असा निरोप आला. गावातलं कुणी जामीन राहिलं तर म्हातारा इथं राहील, नाहीतर त्याला उचलून मुंबईला नेणार अन् जहाजात बसवणार. उस्ताद कडूबाला एवढंच म्हणाला, "उधर मेरा कोई नहीं. सब मर गए."

बाजाराच्या दिवशी सगळे चावडीवर जमलो. ओट्यावर पाटील, कडूबा अन् मी. फकिरा पायरीखाली, त्याच्या नेहमीच्या जागी. उस्ताद टोपी हातात घेऊन आला.

"या साहेब, वर या," पाटील म्हणाला. गोरा तो गोराच, मान द्यायलाच पाहिजे.

उस्तादानं ओट्याकडं पाहिलं, मान हलवली, अन् खाली फकिराशेजारी जाऊन बसला.

"पाहिलंत?" कडूबा माझ्या कानाला लागला. "मन खातंय त्याला."

तेवढ्यात जमादाराची जीप आली. त्यानं उस्तादाला उभं केलं. "तुम कौन?"

"खेलनेवाला, साब. पगार का खेलनेवाला."

अन् त्यानं मोडक्यातोडक्या दखनीत आपली हकिकत सांगितली. समुद्राकाठचं खेडं, बाप मासे धरणारा. लहानपणी बड्या लोकांच्या काठ्या वाहिल्या, मग काठ्या घडवल्या, मग त्या बड्या लोकांपेक्षा चांगला खेळू लागला. एका मोठ्या सामन्यात त्यानं सरदार, जमीनदार, सगळ्यांना लोळवलं.

"फिर?"

"फिर वो लोगां अंदर खाना खाए. मैं पिछाड़ी, लकड़ियाँ रखने की कोठरी में."

"क्यों?"

"वो शौक से खेलते थे, साब. मैं पेट के वास्ते."

"साफ खोटं!" पाटील उसळला. "आमच्यात कुस्ती मारणाऱ्याला फेटा बांधतात, पहिल्या पंगतीला बसवतात. जिंकला तोच बाहेर? असं कुठल्या गावात असतंय?"

पायरीखालून हसल्याचा आवाज आला.

"का रं फकिरा, हसतो का?"

"नाय पाटील." फकिरा उठून उभा राहिला. "पटकीच्या साली गावची मढी म्या उचलली. तुम्हीच म्हणाला, फकिरा नसता तर गाव उरलं नसतं. मग गावजेवण घातलं. म्या कुठं जेवलो, पाटील?"

पाटील पटका नीट करू लागला. पटका नीटच होता.

"जामिन कौन रहेगा?" जमादारानं विचारलं.

कडूबा आभाळातल्या घारी पाहू लागला. मी धोतराची गाठ तपासली.

"म्या ऱ्हातो," फकिरा म्हणाला.

जमादारानं डोळे बारीक केले. "ये गाँव का आदमी है?"

पाटलाला विचार करावा लागला. नाही म्हणावं तर स्वतःचाच कोतवाल परका ठरतो. "है," तो म्हणाला.

"तो नीचे क्यूँ बैठा है? जामिन ऊपर आके बोलेगा, सबके सामने. मेरे को शक आता है."

इतके दिवस शक घेणारे आम्ही होतो. आता तो आमच्यावरच उलटला.

फकिरा पायऱ्या चढला. ओट्यावर आल्यावर काठी कुठं ठेवावी हे त्याला कळेना, म्हणून छातीशी धरली. "हा माणूस कोण, मला ठावं नाय," तो म्हणाला. "पण बसतो कुठं, ते ठावं हाय. लबाड असता तर पाटलानं बोलावल्यावर वर बसला असता. म्या जामीन."

"भागा तो तेरे को उठाऊँगा," जमादार म्हणाला, अन् जीप निघून गेली. म्हातारा राहिला.

फकिरा मात्र अजून ओट्यावरच. त्याला कुणी उतर म्हणेना, बसही म्हणेना. शेवटी त्यानंच हाक मारली, "उस्ताद, वर या की! एकट्याला इथं भ्या वाटतंय."

उस्ताद आला, अन् माझ्या अन् कडूबाच्या मधोमध टेकला. फकिरा त्याच्याशेजारी बसला.

"आता ह्यांना खाली कोण उतरवणार?" कडूबा कुजबुजला.

"तू सांग."

"पाटील सांगतील."

पाटलानं घसा खाकरला. रस्त्यावर जीपची धूळ अजून बसली नव्हती, तिच्याकडं पाहिलं. मग मला म्हणाला, "चहा आण."

"किती?" मी मुद्दामच विचारलं.

पाटलानं ओट्यावरची डोकी एकेक करून मोजली.

"बसलेत तेवढे," तो म्हणाला.