चौदा एकेरी चपला

गावची आशा सेविका योगिनी, तिचं गुपित मंगळवारी फुटलं. पण ते फुटलंच नाही असं घरात ठरलंय, तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

केनवडकडच्या त्या गावात तिला घरोघर एकच विचारायचं होतं: मिरगी कोणाला येते? वस्ती दोन हजार. डॉक्टर बैठकीत म्हणाले होते, हजारात पाच-दहा जण असतातच. मिरगी ना वय पाहते, ना जात, ना सातबारा. योगिनीने मान डोलावली. त्यांतली एक ती स्वतःच होती. माहेरच्यांनी लपवून लग्न लावलं होतं. गोळ्या डाळीच्या डब्यात असायच्या, त्या आठवड्यापूर्वी संपल्या. सासूला कळलं की माहेरी रवानगी, हे ठरलेलं.

"आमच्या घरी? नाई बा," जगदेव पाटील म्हणाले. आत लकवा झालेले त्यांचे वडील. दाराआड खिळ्याला एकच चप्पल, झटका आला की नाकाला लावायला.

"हे कोनाची, भाऊ?"

"कोनाचीच नाई. हवा खाऊन राह्यली."

ज्ञानचंद शेटकडे पाचवीतली नात त्रिशला, आणि जैनांचं घर म्हणून चप्पल रेक्झिनची. दुपारपर्यंत चपला तेरा, रुग्ण निरंक.

आणि योगिनीच्या डाव्या अंगठ्याला मुंग्या आल्या. झटक्याआधी अशाच यायच्या. भिंती धरधरून ती घराकडे निघाली. चौकात पडली असती तर तेरा घरांतून चपला धावत आल्या असत्या.

घरी दाराआड नवा खिळा होता. खिळ्याला चप्पल.

"आत्याबाई, हे काहून?"

सासू मनकर्णाबाईने ज्वारी निवडता निवडता वर पाहिलं नाही. "रविवारी भाकर थापता थापता पडली तू. तुले वाटलं झोप लागली. मीच हुंगवली."

"मंग मले आता माहेरी…"

"तुह्या जागी दुसरी आनली अन् तिलेई हेच निंघालं त? चप्पल त आता हायेच. पन बाहीर कोनाले समजलं त माह्या हातात नाई. लिव, निरंक."

योगिनीने निरंक लिहिलं. मुंग्या मनगटापर्यंत चढल्या होत्या. डावा हात मांडीखाली दाबून तिने खाली आणखी चार ओळी खरडल्या:

'मा. तालुका आरोग्य अधिकारी यांस, विनंती अर्ज की, गावात मिरगीचे रुग्ण निरंक असून एकेरी चपला चौदा आढळल्या. तरी सदर चपलांना दरमहा नियमित गोळ्या मंजूर कराव्यात, व त्यांचे सासर कोणते हे विचारण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.'